आईच्या मेंदूत काय कमी पडलं?

हॅरो, केंटन, रेनर्स लेन या भागांतल्या मराठी घरांत एक वाक्य फार सहज बोललं जातं. पुण्याहून किंवा नाशिकहून मुलाकडे आलेल्या आईची झोप उडते, जेवण कमी होतं, ती दिवसभर गप्प बसून राहते. मग फोनवर नातेवाइकांना सांगितलं जातं, ‘‘काळजीचं काही नाही, तिच्या मेंदूतलं सिरोटोनिन कमी झालंय. डायबेटिसमध्ये इन्सुलिन कमी पडतं ना, तसंच. डॉक्टरांनी गोळी दिलीय.’’ हेच वाक्य आरोग्यावरच्या व्याख्यानांत ऐकू येतं आणि व्हॉट्सॲपच्या गटांत फिरतं. ते बोलणाऱ्यांचा हेतू चांगला असतो याबद्दल मला शंका नाही. आजारी माणसाला कुणी दुबळं किंवा वेडं म्हणू नये, एवढंच त्यांना हवं असतं. तरीही हे वाक्य विज्ञान म्हणून टिकत नाही आणि घरात त्याने नुकसान होतं, असं माझं ठाम मत आहे. त्याविरुद्धचा बराचसा पुरावा लंडनमध्ये आणि खुद्द आपल्या हॅरोत जमलेला आहे. तो आपल्यापर्यंत कधी पोहोचवला गेला नाही, म्हणून हा लेख.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. ज्यांची गोळी चालू आहे त्यांनी हे वाचून ती बंद करू नये. या गोळ्या अचानक सोडल्या तर चक्कर, अस्वस्थता, झोप न लागणं असे त्रास होतात, काहींना फार तीव्र होतात. कमी करायची तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू. शिवाय गोळ्या निरुपयोगी आहेत असंही मी म्हणत नाही. ऑक्सफर्डच्या आंद्रेआ चिप्रियानी यांच्या गटाने २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये ५२२ चाचण्या आणि १,१६,४७७ रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली. तपासलेली २१ औषधं सगळीच खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली. सरासरी फरक माफक होता, पण होता. माझा वाद औषधाशी नाही, औषधाबरोबर जे स्पष्टीकरण चिकटवून दिलं जातं त्याच्याशी आहे.

त्या स्पष्टीकरणाचा उगम शोधू गेलं तर वाट थेट मुंबईला जाते. सर्पगंधा ही आपल्याकडची जुनी वनस्पती. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा उपयोग रक्तदाबावर आणि वेडावर होतो असं लिहिलं. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर ती वापरून पाहिली आणि १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निष्कर्ष छापले. त्या लेखाने पाश्चात्त्य डॉक्टरांचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५२ साली बाझलच्या सिबा कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसरपिन वेगळं काढलं आणि ते जगभर वापरात आलं. काही काळाने डॉक्टरांनी कळवायला सुरुवात केली, की रक्तदाबासाठी रेसरपिन घेणारे काही रुग्ण उदास होत आहेत. त्याच सुमारास, १९५५ मध्ये, अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेत दिसलं की रेसरपिन दिल्यावर प्राण्यांच्या शरीरातला सिरोटोनिनचा साठा रिकामा होतो. दोन निरीक्षणं शेजारी ठेवली गेली आणि निष्कर्ष निघाला: हे रसायन घटलं की माणूस खचतो. क्षयरोगावरच्या इप्रोनियाझिड या औषधाने रुग्णांना उत्साह येतो, हे निरीक्षण दुसऱ्या बाजूने जोडलं गेलं. पुढे १९६५ साली जोसेफ शिल्डक्राउट यांनी नॉरॲड्रेनलिन या दुसऱ्या रसायनाबद्दल आणि १९६७ साली इंग्लंडमधल्या अलेक कॉपेन यांनी सिरोटोनिनबद्दल मांडणी केली. आपण फोनवर जे बोलतो ते या मांडणीचं वारस आहे.

त्याच १९५५ साली घडलेली दुसरी गोष्ट मात्र फारसं कुणी सांगत नाही. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात डेव्हिस आणि मायकेल शेफर्ड या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी चिंताग्रस्त आणि उदास रुग्णांना रेसरपिन देऊन पाहिलं. काहींना खरं औषध, काहींना खोटं, आणि कुणाला काय मिळणार ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दैवावर सोडलेलं. मानसोपचारात अशी शिस्तीची चाचणी तेव्हा नवलाची होती. रेसरपिन घेतलेले रुग्ण अधिक सुधारले! सिरोटोनिन रिकामं करणारं औषध घेऊन उदास माणसांना बरं वाटू लागलं, हा निष्कर्ष ‘लॅन्सेट’सारख्या मान्यवर नियतकालिकात छापून आला. सिद्धान्त उभारणाऱ्यांनी रक्तदाबाच्या रुग्णांबद्दलची सुटी निरीक्षणं उचलली आणि ही नियंत्रित चाचणी बाजूला राहिली. १९८७ च्या डिसेंबरात अमेरिकेत नैराश्यावरच्या फ्लुऑक्सेटिन या औषधाला परवानगी मिळाली. त्यानंतर अशा औषधांच्या जाहिरातींनी एक अर्धीकच्ची अटकळ सिद्ध सत्य म्हणून घरोघरी पोहोचवली. शास्त्रज्ञांत कधीच न मिटलेला वाद सामान्य माणसासमोर मिटलेला म्हणून ठेवला गेला, आणि माझा राग त्यावर आहे.

पुढच्या संशोधनाने अटकळ सावरली का? २०२२ च्या जुलैमध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या जोआना मॉनक्रीफ आणि सहकाऱ्यांनी सिरोटोनिन आणि नैराश्य यांच्या संबंधावरचे आढावे एकत्र तपासले. रक्तातलं सिरोटोनिन, मज्जारसात सापडणारी त्याची अवशिष्ट द्रव्यं, मेंदूतले ग्राहक, जनुकं, सगळं पाहून त्यांनी लिहिलं की नैराश्य सिरोटोनिनच्या कमतरतेने येतं याला सुसंगत पुरावा नाही. त्यांच्यावर टीका झाली आणि ती करणारे साधेसुधे लोक नव्हते. टीकाकारांचं सगळ्यात भक्कम उदाहरण असं: आहारातून ट्रिप्टोफॅन, म्हणजे सिरोटोनिनचा कच्चा माल, काढून टाकला तर नैराश्यातून गोळीने नुकतेच सावरलेले काही रुग्ण पुन्हा घसरतात. हे खरं आहे. पण तोच प्रयोग ज्यांना कधी नैराश्य आलेलं नाही अशा निरोगी माणसांवर केला तर त्यांची मनःस्थिती ढळत नाही. रसायन घटणं एवढंच कारण असतं तर तीही माणसं खचायला हवी होती. लंडनमध्येच इम्पीरियल कॉलेजच्या गटाने मेंदूची चित्रं घेऊन नैराश्यग्रस्तांत सिरोटोनिन कमी सोडलं जातं असं दाखवलं. तो अभ्यास लक्षवेधी आहे, पण त्यात रुग्ण होते १७, आणि त्यांतले ५ पार्किन्सनचे. एवढ्या पायावर प्रत्येक उदास आजीचं निदान उभं करता येणार नाही. सिरोटोनिनचा मनाशी संबंधच नाही असं कुणी म्हणत नाही. कमतरतेची कथा सिद्ध झालेली नाही, इतकंच मी म्हणतो, आणि तेवढं पुरेसं आहे.

डायबेटिसच्या उपमेचं काय? डायबेटिसमध्ये साखर मोजता येते. औषध किती द्यायचं ते मोजमाप पाहून ठरतं. हॅरोतला कुठलाही जीपी कुणाचं सिरोटोनिन मोजून नैराश्याचं निदान करत नाही, कारण तशी चाचणीच नाही. शरीरातलं सुमारे ९० टक्के सिरोटोनिन तर आतड्यांत असतं. ‘‘तिचं कमी झालंय’’ असं आपण म्हणतो तेव्हा न मोजलेल्या गोष्टीचा आकडा सांगत असतो. उलट खरोखर मोजता येणाऱ्या काही कमतरता आहेत आणि त्या आपल्या लोकांत वारंवार सापडतात. थायरॉइड मंदावलं, शाकाहारामुळे बी-१२ घटलं, इथल्या उन्हाअभावी ड जीवनसत्त्व उतरलं, की माणूस थकतो, सुस्तावतो. थायरॉइडच्या दुखण्यात आणि बी-१२ च्या अभावात मन खचलेलं दिसणं तर डॉक्टरांना नेहमीचं आहे. साध्या रक्ततपासणीत कळणाऱ्या या गोष्टी आधी तपासा, असं आग्रहाने सांगणारं माणूस मला आपल्या बैठकांत क्वचित भेटतं.

आता हॅरोच्या पुराव्याकडे येतो. वॉटफर्ड रोडवरचं नॉर्थविक पार्क रुग्णालय आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. प्रशासकीय हद्द ब्रेंटची असली तरी पत्ता हॅरोचा. आपली मुलं तिथे जन्मली, आपले आजार तिथे निघाले. १९७० मध्ये ते सुरू झालं तेव्हा त्याच्याच आवारात मेडिकल रिसर्च कौन्सिलचं क्लिनिकल रिसर्च सेंटर होतं आणि पुढे तिथल्या मानसोपचार विभागाचे प्रमुख झाले टिम क्रो. मेंदूत शोधायचं सोडून भावनांच्या गप्पा मारणारी ही मंडळी नव्हती. १९७६ साली ईव्ह जॉनस्टोन, क्रो, ख्रिस फ्रिथ आणि सहकाऱ्यांनी नव्याने आलेलं सीटी स्कॅन वापरून दाखवलं की दीर्घकाळ स्किझोफ्रेनिया असलेल्या रुग्णांच्या मेंदूतल्या पोकळ्या मोठ्या झालेल्या असतात. मानसिक आजाराचा मेंदूतला माग प्रतिमेत पकडणारा तो पायाभूत शोध मानला जातो. म्हणजे मेंदूचा पक्ष घेणारे लोक शोधायचे तर यांच्याहून पक्के सापडणार नाहीत.

याच गटाने १९८० च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. तीव्र नैराश्याचे ७० रुग्ण घेतले. अर्ध्यांना आठ वेळा विजेचा उपचार, आपल्याकडे ज्याला शॉक म्हणतात तो, दिला. उरलेल्या अर्ध्यांना आठही वेळा भूल दिली, सगळे सोपस्कार केले, फक्त वीज सोडली नाही. कुणाला काय मिळालं हे रुग्णाला माहीत नाही, तपासणाऱ्यालाही नाही. चार आठवड्यांनी खरा उपचार मिळालेल्यांची प्रकृती अधिक चांगली होती. विजेचा गुण होता, हे मान्यच करायला हवं. २००३ साली ब्रिटनमध्ये झालेल्या, उपलब्ध पुराव्याच्या आढाव्यातूनही खरा शॉक खोट्यापेक्षा प्रभावी ठरला. पण नॉर्थविक पार्कच्या चाचणीत दोन गोष्टी अशा निघाल्या की त्यावर थांबून विचार करायला हवा. एक, वीज न मिळालेलेही पुष्कळ सुधारले होते. दोन्ही गटांत मिळून जी सुधारणा झाली तिच्यापुढे दोघांमधला फरक लहान होता. दोन, महिन्याने आणि सहा महिन्यांनी पाहिलं तर तो फरक उरला नव्हता. आणि लेखकांनी स्वतःच लिहिलं, की शारीरिक उपचार दिला नाही तरी, कसून केलेल्या शुश्रूषेने आणि वैद्यकीय देखरेखीने, तीव्र नैराश्याचे पुष्कळ रुग्ण सावरू शकतात.

त्या पस्तिसेक माणसांना काय मिळालं होतं? रोज विचारपूस करणाऱ्या परिचारिका, वेळेवर जेवण, ठरलेली झोप, आपल्यासाठी काहीतरी केलं जात आहे ही खात्री, आणि घरच्या रगाड्यातून सुटका. काही जण काळाच्या ओघातही बरे झाले असतील, तेही धरू. पण यातली कुठलीही गोष्ट ‘‘रसायन कमी आहे, बाहेरून भरा’’ या चित्रात बसत नाही. माणसांनी घेतलेली काळजी मेंदूपर्यंत पोहोचते, हे मेंदूच्याच अभ्यासकांनी आपल्या बसथांब्यापाशी, चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी, आकड्यांत मांडून ठेवलं आहे.

व्याख्यानांत सिरोटोनिनबरोबर एक दुसरी सोपी गोष्टही येते: अमिग्डाला हा मेंदूतला भाग म्हणजे भीतीचं केंद्र, ते पेटलं की माणसाचा ताबा सुटतो. तिचा निकाल लवकर लावता येतो. एका दुर्मीळ आजाराने दोन्ही बाजूंचा अमिग्डाला नष्ट झालेली, संशोधनात एस. एम. या अक्षरांनी ओळखली जाणारी स्त्री साप-कोळ्यांना किंवा भयपटांना घाबरत नसे. पण २०१३ साली छापलेल्या प्रयोगात तिला जास्त कार्बन डायऑक्साइड असलेली हवा हुंगवली तेव्हा ती भीतीने कासावीस झाली. अमिग्डालाच्या संशोधनासाठी जगभर नाव असलेले जोसेफ लडू आता स्वतःच सांगतात, की या भागाला भीतीचं केंद्र म्हणणं चूक. तो धोक्याला शरीराचा प्रतिसाद घडवतो. भीतीचा अनुभव मात्र स्मृती, शरीराची स्थिती आणि समोरच्या प्रसंगाचा लावलेला अर्थ मिळून उभा राहतो. भावना मेंदूत घडतात यावर वादच नाही. त्यांची कारणं मात्र मेंदूच्या बाहेर, माणसाच्या जगण्यात पसरलेली असतात, आणि मेंदूच्या चित्रात ती दिसत नाहीत.

ती कारणं कुठे शोधायची हेही लंडनमध्येच अभ्यासलं गेलं. जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी दक्षिण लंडनच्या कॅम्बरवेलमधल्या ४५८ स्त्रियांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या आणि १९७८ साली त्यावर पुस्तक लिहिलं. ज्या नैराश्यात गेल्या त्यांतल्या बहुतेकींच्या आयुष्यात आधी मोठा आघात किंवा दीर्घ अडचण येऊन गेलेली होती. मात्र आघात झालेली प्रत्येक बाई कोसळली नव्हती. कोसळणाऱ्यांमध्ये काही गोष्टी अधिक आढळल्या: लहानपणी आई गेलेली, पदरात तीन किंवा अधिक लहान मुलं, हाताला घराबाहेरचं काम नाही, आणि मन मोकळं करावं असं जवळचं माणूस नाही.

ही यादी हॅरोतल्या मराठी आजीच्या दिवसाशेजारी ठेवून पाहा. नवरा गेल्यावर घर बंद करून ती आलेली असते. हा आघात. बँक, भिशी, भजनी मंडळ, कामवाल्या बाईशी होणारी रोजची बोलाचाली, भाजीवाल्याशी घासाघीस, हे तिचं सगळं काम एका विमानप्रवासात संपलेलं असतं. मुलगा-सून सकाळी मेट्रोपॉलिटन लाइन पकडून जातात, नातवंडं शाळेतून इंग्रजी बोलत येतात, आणि हिवाळ्यात चारच्या सुमाराला काळोख पडतो. शेजारी गुजराती, तमिळ माणसं असतात, त्यांच्याशी हसून मान हलते, पण मनातलं बोलायला भाषा पुरत नाही. त्यात कायदा आहे. ९ जुलै २०१२ पासून इथल्या सरकारने वृद्ध आईवडिलांना कायमचं आणण्याची वाट जवळपास बंद केली. दैनंदिन कामांनाही दुसऱ्याची मदत लागते आणि ती मदत पैसे देऊनही मायदेशी मिळू शकत नाही, असं सिद्ध करावं लागतं. म्हणून असंख्य आया पाहुण्यांच्या व्हिसावर येतात, सहा महिन्यांच्या आत परततात, पुन्हा येतात. त्यांचं घर इथेही नसतं आणि तिथेही उरलेलं नसतं. अशा बाईला झोप लागेना तर त्याचं कारण तिच्या कवटीत शोधायला आपण किती घाईने निघतो!

सिरोटोनिनचं वाक्य आपल्याला एवढं का आवडतं, याचं उत्तर इथे आहे असं मला वाटतं. ते कुणाला दोष देत नाही, म्हणून ते दयाळू वाटतं. पण दोष नसला की प्रश्नही उरत नाही. आई दिवसभर कुणाशी बोलते, बाबांचा विषय घरात शेवटचा कधी निघाला, तिला परत जायचंय का, हे विचारायचं राहून जातं. आपण गोळीची वेळ पाळतो आणि कर्तव्य पार पडलं असं समजतो. मुलांना मी दुष्ट म्हणत नाही. दोघंही नोकरीत भरडलेले असतात, घराचे हप्ते डोक्यावर असतात. म्हणूनच त्यांना ही सोपी पळवाट हाती देणाऱ्या जाणत्यांना मी जबाबदार धरतो.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: ‘‘निदान रसायन म्हटल्यामुळे लाज तरी जाते.’’ दावा तपासला गेला आहे. निक हॅस्लम आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली उपलब्ध प्रयोग एकत्र करून पाहिले. शारीरिक कारण सांगितल्यावर लोक रुग्णाला दोष कमी देतात हे खरं निघालं, पण तो बरा होईल ही आशाही कमी होते. २०१४ सालचा एक अमेरिकन प्रयोग मला अधिक अस्वस्थ करतो. पूर्वी नैराश्य येऊन गेलेल्या विद्यार्थ्यांच्या गालातून नमुना घेऊन, चाचणीचं नाटक करून, काहींना सांगितलं की तुमच्यात सिरोटोनिनचा असमतोल आढळला. त्यांची स्वतःला दोष देण्याची सवय त्याने कमी झाली नाही. उलट आपण यातून बाहेर पडू शकू, आपल्या मनःस्थितीवर आपला काही इलाज चालेल, हा विश्वास घटला. लाज घालवण्यासाठी दिलेलं वाक्य आशा घेऊन जातं. आपल्या आयांना आपण तेच देत आहोत.

दुसऱ्या टोकाच्या माणसांना मात्र माझ्या लिहिण्यातून बळ मिळू नये. ‘‘मनावर घेऊ नकोस’’, ‘‘नामस्मरण कर, सगळं ठीक होईल’’ असं म्हणून उपचारच टाळणारे आपल्यात कमी नाहीत. अन्नपाणी सोडलेल्या, आपण पापी आहोत अशा भ्रमात गेलेल्या, जगणं नको म्हणणाऱ्या माणसाला तातडीने डॉक्टर हवा, औषध हवं, कधी रुग्णालयही हवं. नॉर्थविक पार्कच्याच पुढच्या विश्लेषणात शॉकचा खरा फायदा भ्रम असलेल्या रुग्णांत दिसला होता. आजार गंभीर असतो हे मान्य करायला रसायनाची दंतकथा लागत नाही.

म्हणून आपल्या व्याख्यात्यांना, मंडळांच्या आरोग्य समित्यांना आणि गटांत संदेश पाठवणाऱ्यांना माझी थेट मागणी आहे. ते वाक्य काढून टाका. त्याऐवजी सांगा, की नैराश्याची कारणं अनेक असतात आणि ती त्या माणसाशी बोलून शोधावी लागतात. थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या. सौम्य नैराश्यात, रुग्णाची स्वतःची इच्छा नसेल तर, गोळी हा पहिला उपचार म्हणून सरसकट देऊ नये, असं इथल्या नाइस या संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शनात म्हटलं आहे, हे लोकांना कळू द्या. हॅरोत एनएचएसची टॉकिंग थेरपीज सेवा आहे, जीपीच्या चिठ्ठीवाचून स्वतः नाव नोंदवता येतं, आणि इंग्रजी येत नसेल तर दुभाषा मागता येतो. फोन लावताना मराठी दुभाषा हवा असं स्पष्ट सांगा, पहिल्या वेळी नाही मिळाला तर पुन्हा मागा. आणि डॉलिस हिल लेनवर महाराष्ट्र मंडळाची स्वतःची वास्तू आहे. तिथे कामाच्या दिवशी, दुपारच्या वेळी, आयांना आणून पोहोचवायची सोय करून एक नियमित बैठक चालवता येईल का, याचा विचार पुढच्या सभेत व्हावा. गाडी चालवणारे निवृत्त लोक आपल्यात पुष्कळ आहेत. मी माझं नाव पहिलं देतो.